अजगराचा मुक्काम : मोठ्या सापासाठी बांधावयाची पेटी

साप हा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी चटकन पुढे येतात : काठी आणि दुधाची वाटी. काठीने साप मरतो हे सर्वांस ठाऊक आहे. दुधानेही तो मरू शकतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आता या दोहोंच्या जोडीला तिसरी गोष्ट आली आहे. ती म्हणजे बरणी. गावोगाव साप पकडणारी तरुण मुले तयार झाली आहेत, आणि ही गोष्ट निःसंशय चांगली आहे. परंतु पकडलेला साप सोडीपर्यंत ठेवावयाचा कोठे, हा विचार मात्र मागे राहिला आहे. धामणीसारखा सहा-सात फुटी साप प्लास्टिकच्या बरणीत कोंबून ती बरणी मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलला लटकवली, तर काठीने साधले असते तेच काम अर्ध्या तासात साधते.

या व्याख्यानासाठी आम्ही विषय घेतला आहे तो मोठ्या सापाच्या तात्पुरत्या घराचा, त्यातही विशेषतः अजगराच्या. सिंदी मेघे हे आज वर्धा शहराला चिकटलेले गाव आहे. घरे वाढली, रस्ते वाढले. तरी कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेते हाकेच्या अंतरावर आहेत, आणि जिल्ह्याच्या उत्तरेस बोरचे जंगल आहे. ते १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. अजगर या मुलखाचा जुना रहिवासी होय. तलावातील नायलॉनच्या जाळ्यात अडकलेला, कोरड्या विहिरीत पडलेला, नांगराच्या फाळाने किंवा वाहनाच्या चाकाने जखमी झालेला अजगर माणसांच्या हाती येतो. त्याला लगेच सोडता येत नाही. टाके घालावे लागतात, जखम भरू द्यावी लागते, आणि त्यासाठी दोन-चार आठवडे त्याला कोठे तरी ठेवावे लागते. ते ‘कोठे तरी’ कसे असावे, हे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

पूर्वीची व्यवस्था

साप ठेवण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. गारुड्याचा वेताचा पेटारा सर्वांनी पाहिला असेल. पेटारा हवेशीर खरा, परंतु त्यात साप आयुष्यभर वेटोळे घालूनच राहावयाचा. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीपूर्वी नाग पकडून मातीच्या मडक्यांत ठेवीत, आणि सणानंतर पुन्हा शिवारात सोडीत. पुढे वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे नागांच्या त्या मिरवणुकीस बंदी आली. तामिळनाडूत इरुळा जमातीच्या लोकांनी १९७८ साली आपली सहकारी संस्था स्थापिली. सर्पदंशावरील लसीसाठी लागणारे विष ती पुरविते. तेथेही साप मातीच्या मडक्यातच ठेवतात. मडक्याचे तोंड सुती कापडाने बांधतात, ठरावीक वेळा विष काढतात आणि काही आठवड्यांनी साप जंगलात सोडून देतात. मडक्याची निवड शहाणपणाची आहे. माती पाणी झिरपू देते, म्हणून आत गारवा राहतो. अंधार असतो, म्हणून साप शांत राहतो.

आम्हां वर्धेकरांना तर उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारणच नाही. १९३६ साली गांधीजी शेगावात राहावयास आले. त्याच शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. रान जवळ असल्यामुळे आश्रमात साप वरचेवर निघत. निघालेला साप मारावयाचा नाही, धरून दूर नेऊन सोडावयाचा, असा तेथील शिरस्ता होता. त्यासाठी वापरलेला साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि सापाचा पिंजरा आश्रमात जपून ठेवलेले आहेत. त्या पिंजऱ्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तो सापाला पाळण्यासाठी केलेला नव्हता, तर इथून तिथवर पोहोचविण्यासाठी केलेला होता. आमच्या पेटीची कल्पनाही तीच आहे. फक्त मधला मुक्काम काही आठवड्यांचा आहे.

कायदा काय म्हणतो

बांधणीकडे वळण्यापूर्वी कायद्याचे बोलले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याचा दर्जा वाघाच्या पंक्तीतला आहे. तो बाळगणे हा गुन्हा असून त्यास किमान तीन वर्षांची कैद आहे. हौस म्हणून, कौतुक म्हणून, ‘आम्ही त्याला मुलासारखे सांभाळतो’ म्हणूनसुद्धा तो घरी ठेवता येत नाही. जखमी प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळविले पाहिजे. आमचा सल्ला असा की ४८ तास थांबूच नये. पकडण्यापूर्वीच वनखात्यास दूरध्वनी करावा. नागपुरास सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र आहे. प्राणी तेथे नेता येत असेल तर उत्तमच.

तेव्हा पेटी घरी बांधावी, पण साप ठेवण्यासाठी ती घरी ठेवू नये. ती जागा वनखात्याच्या आवारात, अथवा खात्याच्या लेखी परवानगीने पशुवैद्याच्या देखरेखीखाली असावी. एक अडचण मात्र पुष्कळ ठिकाणी दिसते. परवानगी असते, डॉक्टर असतो, औषधही असते. नसते ती नेमकी सापाला ठेवण्याची धड जागा. गावचा सुतार, एखादा हौशी शिक्षक आणि दोन-चार तरुण यांनी मनावर घेतले तर ही उणीव आठवड्यात भरून निघते.

परदेशी अजगर पाळण्याची लाट अलीकडे मोठ्या शहरांतून आली आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध ज्या परदेशी जातींना लागू आहेत, त्या बाळगणाऱ्यांना २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करणे सक्तीचे आहे. त्या लोकांनाही पुढील मजकुरातील पुष्कळसा भाग उपयोगी पडेल. त्यांनी अमेरिकेतील फ्लोरिडाचे उदाहरणही विसरू नये. हौसेने आणलेले ब्रह्मी अजगर तेथे सुटले किंवा सोडले गेले, एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांनी वस्ती केली, आणि तेथील लहान सस्तन प्राण्यांचा फडशा पाडला. २०१२ साली अमेरिकेने या जातीची आयात बंद केली. पण रानात गेलेला अजगर कायद्याने परत येत नाही. पेटीची कडी ढिली ठेवणे ही किरकोळ चूक नव्हे, हे यावरून कळावे.

अजगराला काय हवे असते

‘अजगर’ या शब्दाची फोड अज म्हणजे बोकड आणि तो गिळणारा अशी आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले त्यांत अजगर आहे. मिळेल त्यावर संतोष मानून पडून राहणे हा त्याचा धडा. या धड्यामुळे असा एक समज झाला आहे की अजगराला जागा लागत नाही, तो काय पडूनच असतो. हा समज खोटा आहे. अजगर रात्री हिंडतो, पोहतो, झाडावरही चढतो. आपल्याकडे आठ-दहा फुटांचा अजगर सामान्यतः आढळतो. त्याहून मोठेही असतात. त्याला अंग पूर्ण सरळ करता आले पाहिजे. अंग सतत मुडपून राहिले तर स्नायू दुबळे होतात, आणि जखम भरली तरी साप रानात टिकत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आपले शरीर अन्नापासून स्वतःची ऊब तयार करते. सापाचे तसे नाही. तो ती बाहेरून घेतो. ऊब हवी झाली की उन्हात येतो, नकोशी झाली की बिळात जातो. त्याचे पचन, त्याची रोगप्रतिकारशक्ती, जखम भरण्याचा वेग हे सर्व या ये-जा करण्यावर अवलंबून आहे. म्हणून पेटीत एकच तपमान असून भागत नाही. एका टोकास ३० ते ३२ अंश आणि दुसऱ्या टोकास सुमारे २५ अंश सेल्सिअस असावे. कोठे बसायचे ते सापाने ठरवावे. पेटीची लांबी महत्त्वाची असण्याचे हे दुसरे कारण. आखूड पेटीत दोन हवामाने मावत नाहीत.

तिसरी गोष्ट आडोशाची. उघड्यावर पडलेला साप भ्यालेला असतो, आणि भ्यालेला साप नाक घासतो, फुसकारतो, खाल्लेले ओकतो.

सुताराचे काम

आठ फुटी अजगरासाठी आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच पेटी पुरते. हे माप सोयीचेही आहे, कारण बाजारात प्लायवूडचा तक्ता आठ बाय चारचाच मिळतो. पाऊण इंची, पाण्याला टिकणारे प्लाय घ्यावे. पहिला तक्ता तळाला व दुसरा छताला, दोन्ही अखंड. तिसऱ्यातून आठ बाय तीनची मागची भिंत काढावी. एक फूट रुंदीची पट्टी उरते. चौथ्यातून चार बाय तीनच्या दोन बाजू काढाव्यात; तेथेही एक फुटाची पट्टी उरते. या दोन पट्ट्यांतून दर्शनी बाजू होते. एक फुटाची पट्टी खाली, सहा इंचांची वर, आणि मधल्या दीड फुटाच्या मोकळ्या जागेत पन्हळीत सरकणाऱ्या काचेच्या दोन फळ्या. काच सहा मिलिमीटर जाडीची व तावून कठीण केलेली घ्यावी. उरलेली सहा इंची पट्टी आतील कप्प्यासाठी कामास येते.

दार समोर असावे, वर असू नये. रानात सापावर संकट येते ते वरून, घारी-गरुडाच्या रूपाने. छत उचलून हात खाली आला की शांत सापही हल्ला करतो. समोरून येणाऱ्या माणसाला तो आधी पाहतो व सवयीने ओळखतो.

पुष्कळ लोक काचेऐवजी कोंबडीजाळी मारतात. स्वस्त पडते, वाराही लागतो. परंतु साप बाहेर पडण्यासाठी रात्रभर त्या जाळीवर नाक घासतो. नाकावरचे खवले सोलतात, जखम तोंडात उतरते, आणि पाय बरा करावयास गेलेल्याचा डोळा जावा तशी स्थिती होते. म्हणून भिंती गुळगुळीत असाव्यात. हवेसाठी गार टोकाच्या भिंतीत खाली आणि उबदार टोकाच्या भिंतीत वर अर्ध्या इंचाची भोके ओळीने पाडावीत. गरम हवा वरून जाते, गार हवा खालून येते, आणि पंख्याविना वारा खेळतो. भोकांच्या कडा कानशीने घासून घ्याव्यात. एकही खिळ्याचे टोक आत राहता कामा नये.

आतून रंग द्यावयाचा तर पाण्याचा द्यावा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उन्हात उघडी ठेवावी. दोन आठवडे गेले तरी हरकत नाही. देवदारासारखे वासाचे लाकूड वापरू नये. डांबराच्या गोळ्या आणि फिनेल तर पेटीच्या आसपासही नको. आपल्या घरात स्वच्छतेची खूण असलेला फिनेलचा वास सापाच्या दृष्टीने विष आहे. सफाई साध्या साबणाने करावी. जंतू मारावयाचे तर ब्लीचिंगचे पातळ पाणी वापरून नंतर पेटी धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी.

पेटीच्या मधोमध खाचेत वरून खाली सरकणारा एक पडदा ठेवावा. साप एका भागात असताना पडदा खाली सोडला की दुसरा भाग निर्धास्तपणे साफ करता येतो. काचेला कुलूप हवेच. अजगराची ताकद नाकात आणि चिकाटीत असते. अर्धा इंच फट सापडली की तो डोके घालतो, आणि डोके गेले की अंग जाते.

वर्ध्याचे ऊन आणि वर्ध्याची थंडी

साप पाळण्याची परदेशी पुस्तके पेटी तापवावी कशी हे सांगण्यात पाने खर्च करतात. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. चाळिशीच्या पुढच्या बंद पेटीत अजगर फार वेळ जगत नाही. पळून जाण्यास त्याला बीळ नसते. म्हणून पेटी टिनाच्या छपराखाली कधीही ठेवू नये. जुन्या कवेलूच्या घरातील मातीच्या भिंतींची खोली मिळाली तर तीच सर्वोत्तम. खिडकीस वाळ्याची ताटी लावून ती भिजवावी. पेटीच्या गार टोकाकडील बाहेरच्या बाजूस ओले गोणपाट सोडावे. कूलर लावला तर त्याचा झोत थेट भोकांवर येऊ देऊ नये. खोली गार करावी, साप नव्हे.

हिवाळ्यात रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा ऊब द्यावी लागते. त्यासाठी दिवा किंवा चिनीमातीचा तापक छताला लावावा आणि त्याभोवती पक्की, बारीक जाळीची टोपली बसवावी. एवढ्या एका ठिकाणी जाळी हवी, कारण साप तापलेल्या वस्तूला विळखा घालतो आणि कातडी भाजली तरी लवकर सोडत नाही. भाजलेली अजगराची कातडी भरण्यास महिने लागतात. तापमापक दोन लावावेत, दोन्ही टोकांस, आणि तळाशी. साप छताला राहत नाही. ठरावीक अंशावर वीज तोडणारे यंत्र बाजारात मिळते, ते अवश्य जोडावे.

आतील सामान

तळाला जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. याहून चांगले अंथरूण जखमी सापाला नाही : घाण लगेच दिसते, रोज बदलता येते, आणि भुसा किंवा वाळूप्रमाणे जखमेत शिरत नाही. आडोशासाठी मोठा रांजण उभा अर्धा कापून पालथा घालावा. तो ऐसपैस नसावा. वेटोळे घातल्यावर अंगाला भिंत टेकेल इतपतच असावा. असे दोन आडोसे ठेवावेत, एक उबदार टोकास व एक गार टोकास. एकच ठेवला तर सापाला लपणे आणि ऊब यांतून एकाची निवड करावी लागते.

पाण्यासाठी दगडी किंवा सिमेंटचे जड भांडे घ्यावे; हलके घमेले तो उलथवतो. अजगर पाण्यात बसून राहतो, विशेषतः कात टाकण्यापूर्वी. त्या दिवसांत त्याचे डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही, आणि म्हणून तो चिडखोर होतो. तेव्हा त्याला मुळीच हात लावू नये. हवा फार कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्याने निघते. फार ओली आणि कोंदट असेल तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. भांड्यातील पाणी आणि भोकांतील वारा यांचा मेळ बसला की दोन्ही टळते.

अन्नाची घाई करू नये. दोन-तीन आठवडे उपाशी राहिल्याने निरोगी अजगराचे काही बिघडत नाही. तो महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. डॉक्टरांनी सांगितले तरच खाऊ घालावे, आणि तेही मेलेले भक्ष्य. कोंडलेला जिवंत उंदीर आजारी सापाला कुरतडतो. दूध तर कधीच देऊ नये. साप ते पचवू शकत नाही. तहानेने व्याकुळ झालेला असला तरच तो ते पितो, आणि ते फुप्फुसात गेले तर प्राणावर बेतते.

ने-आण करावयाची ती जाड सुती पिशवीतून. उशीच्या अभ्र्यासारखी, दुहेरी शिवणीची पिशवी शिवून घ्यावी, शिवणीचे सुटे धागे कापावेत, तोंडाला पीळ देऊन गाठ मारावी आणि ती लाकडी खोक्यात ठेवावी. आठ फुटांवरचा अजगर एकट्याने हाताळू नये, हा नियम शूरांनाही लागू आहे.

ज्यांना ही पेटी नव्हे

नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे यांच्यासाठी ही पेटी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावतात, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतील आहेत. विषारी साप पकडला की त्याच दिवशी वनखात्याच्या संमतीने सोडावा. जखमी असेल तर थेट उपचार केंद्राकडे सोपवावा. खोलीत विषारी साप ठेवून त्यावर धीटपणाची कीर्ती मिळविणाऱ्यांची उदाहरणे वर्तमानपत्रांतून येतात. त्यांपैकी कित्येकांची दुसरी बातमी मृत्यूची असते.

मुक्काम संपला म्हणजे

सर्वांत अवघड भाग शेवटी येतो. महिनाभर ज्याची पत्रे बदलली, पाणी भरले, जखम पुसली, त्या प्राण्याविषयी माया वाटू लागते. तो आपल्याला ओळखतो असेही वाटते. मुले त्याला नाव देतात, शेजारी पाहावयास येतात, छायाचित्रे निघतात. येथेच सेवेची हौस होते आणि पेटीचा पेटारा होतो. गारुड्याने पोटासाठी जे केले तेच आपण प्रेमापोटी करू लागलो, तर सापाच्या दृष्टीने फरक काय?

अजगर माणसाच्या हाताला सरावतो हे खरे. परंतु सरावणे हे त्याच्या हिताचे नाही. माणसाला न भिणारा अजगर रानात सोडला तर तो पहिल्याच गावाच्या कोठ्यात येऊन बसेल, आणि तेथे त्याला काठी भेटेल. म्हणून उपचाराव्यतिरिक्त त्याला हात लावू नये, प्रदर्शन मांडू नये, काचेवर बाहेरून कापड टाकून ठेवावे. जखम भरली, त्याने कात नीट टाकली, आणि अंग सरळ करून जोमाने सरपटू लागला की डॉक्टर व वनखात्याच्या सल्ल्याने त्याला जेथून आणला त्याच परिसरात, माणसांच्या वाटेपासून आत, संध्याकाळच्या सुमारास सोडावा. दूरच्या ‘चांगल्या’ जंगलात नेऊन सोडणे ही दया नव्हे. तेथील पाणी, बिळे आणि वाटा त्याला परक्या असतात.

नंतर पेटी धुवावी, उन्हात वाळवावी, भोके आणि कडी तपासून झाकून ठेवावी. एक वही मात्र उघडी असावी : साप कोणत्या तारखेस आला, किती लांब होता, जखम कोठे व कशाने झाली, केव्हा सुटला. दहा वर्षांनी त्या वहीवरून कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या तलावावर साप जखमी होतात ते कळेल, आणि मग पेटीऐवजी त्या जागेची दुरुस्ती करता येईल. पेटी रिकामी राहू लागली तर आमच्या सुताराची मेहनत कारणी लागली असे आम्ही समजू.